पहिले प्रवाळ कोणते घ्यावे?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे स्थिरावले की प्रवाळांचे वेध लागतात, आणि दुकानात नजर नेमकी गुलाबी, झुपकेदार कार्नेशन कोरलवर खिळते. ते देखणे असते यात शंका नाही, पण नवख्याच्या टाकीत सर्वांत आधी मरणाऱ्यांतही तेच असते. घरी पाळल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या साहाय्याने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा प्रवाळाला देते. कार्नेशनमध्ये हे शैवाल नसल्यामुळे त्याला सतत बारीक प्लवकांचा पुरवठा करावा लागतो, आणि तो जमला नाही तर वर दिवा कितीही भारी असला तरी ते उपाशी मरते. केशरी सन कोरलचेही तसेच आहे. त्याचे पॉलिप, म्हणजे तोंड आणि तंतू असलेले छोटे जीव, मोठे असल्यामुळे त्याला निदान हाताने भरवता येते, इतकाच फरक. म्हणून रंग पाहण्याआधी हे प्रवाळ जगते कशावर, याची चौकशी करावी.

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले म्हणजे टाकी प्रवाळांसाठी तयार झाली, असे मी मानत नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आणि तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस यांच्या आसपास काही महिने स्थिर राहिले पाहिजे. बाष्पीभवनात पाणी उडते पण मीठ मागे राहते, त्यामुळे घट भरून काढताना शुद्ध गोडे पाणीच घालावे. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र अगदी शून्यावर आणण्याचा अट्टाहास नको. मऊ प्रवाळांना थोडे पोषक पाणीच मानवते.

सुरुवातीला मी मशरूम कोरल सुचवेन. डिस्कोसोमा जातीच्या या चकत्यांना मंद प्रकाश आणि संथ प्रवाह पुरतो, आणि टाकीच्या तळाजवळची, इतरांना न मानवणारी जागा त्या आनंदाने स्वीकारतात. त्यानंतर सार्कोफायटॉन, म्हणजेच टोडस्टूल लेदर. हे प्रवाळ अधूनमधून सर्व पॉलिप आत ओढून घेते, त्याचा पृष्ठभाग मेण लावल्यासारखा चकाकू लागतो आणि ते कित्येक दिवस मेल्यासारखे दिसते. नवखा माणूस इथेच घाबरून त्याची जागा बदलतो, पाणी बदलतो, नाही नाही ते उपाय करतो. खरे तर ते आपली वरची कात टाकत असते. तो पातळ पापुद्रा वाहून जाईल इतका प्रवाह मिळाला की ते पुन्हा फुलते. लेदर प्रवाळे शेजाऱ्यांना त्रासदायक ठरणारी रसायने पाण्यात सोडतात, त्यामुळे फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन ठेवणे बरे.

ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया यांची अडचण उलटी आहे: ती मरत नाहीत, पसरतात. ग्रीन स्टार पॉलिपची जांभळी चटई मुख्य खडकावर एकदा चढली की ती निघता निघत नाही, म्हणून ते वाळूवर वेगळ्या ठेवलेल्या दगडावरच लावावे. झेनियाचे पॉलिप मुठी उघडमीट केल्यासारखे हलत राहतात आणि ते पाहायला कोणालाही आवडते, पण लहान टाकीसाठी मी ते सुचवणार नाही.

झोअँथिड रंगांच्या बाबतीत कोणालाही हार जात नाहीत आणि काटकही असतात. त्यांच्यातील काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असते. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये किंवा त्यावर गरम पाणी ओतू नये, कारण वाफेतून किंवा तुषारांतून विष श्वासावाटे शरीरात जाऊ शकते.

कठीण सांगाडा बांधणाऱ्यांपैकी पहिले म्हणून डंकन घ्यावे. कोळंबीचा बारीक तुकडा टाकला की त्याचे पॉलिप तो पकडून हळूहळू मिटतात. मात्र सांगाड्यासाठी ते पाण्यातील कॅल्शियम आणि क्षारता वापरते, त्यामुळे इथून पुढे चाचणी संच लागतोच: क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजण्याचे एकक) आणि कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) यांच्या आसपास असावे, आणि क्षारतेत एकाएकी चढउतार होऊ देऊ नये. हॅमर कोरलचा मोह त्यानंतर करावा, कारण ते लांब डंख मारणारे तंतू शेजाऱ्यावर सोडते आणि त्याच्याभोवती वीतभर तरी जागा मोकळी ठेवावी लागते. अॅक्रोपोरा हे फांद्यांचे, नाजूक कठीण प्रवाळ तर वर्षभर तरी नकोच.

समुद्रातून काढलेल्या मोठ्या वसाहतीपेक्षा टाकीत वाढवलेला छोटा तुकडा, म्हणजे फ्रॅग, घ्यावा. तो टाकीतल्या जगण्याला सरावलेला असतो. घरी आणल्यावर कोरल डिपमध्ये, म्हणजे किडी मारणाऱ्या द्रावणात, बुडवून घ्यावा आणि शक्य असल्यास तो ज्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, चिकटवलेला आहे तो काढूनच टाकावा, कारण किडींची अंडी डिपला दाद देत नाहीत आणि आयप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाचा एखादा कणही प्लगच्या खालच्या खाचेत लपून येतो.