टायर एका बाजूनेच का झिजतो?

आधी हात फिरवून बघा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, फक्त मधला पट्टा गुळगुळीत असेल तर हवा जास्त. एकच कड गेली असेल तर टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाक आत-बाहेर कललेलं असणं) बिघडलेला. गोट्यांवरून, म्हणजे टायरच्या नक्षीच्या ठोकळ्यांवरून, हात एका दिशेने सरकतो आणि उलट फिरवला की करवतीसारखा खरखरतो? मग टोच. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का) तपासा.

नागपुरात मे महिन्यात हवेचा घोळ फार होतो. उन्हात तापलेल्या टायरमध्ये प्रेशर वाढलेलं दिसतं, पंपवाला हवा काढतो आणि सकाळी टायर कमी हवेवर. म्हणून गाडी तीन तास उभी राहिल्यावर, ऊन चढायच्या आत हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचाच घ्या.

अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घ्यायला, घाई करू नका. आधी चाक धरून ठेवणारे आणि वळवणारे सांधे बघा: लोअर आर्मचे बुश (रबरी गादी), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. यात ढिलाई असेल तर मशीनवरचे हिरवे (बरोबर आलेले) आकडे पहिल्याच खड्ड्यात हलतात, पैसे वाया. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचा टो तेवढा सेट होतो. कॅम्बर हललाच असेल तर वाकलेला पार्ट शोधावा लागतो.

टायर ८ ते १० हजार किमीला फिरवा: इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा गाडीत पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर मात्र त्याच बाजूला ठेवायचे. झिजलेली कड भरून येत नाही. कुठेही गोटी १.६ मिमीवर आली की टायर बदला.