पिशवीतला इन्कोम्फे

2014 साली मी दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या एका सरकारी दवाखान्यात फार्मसिस्ट होते. एचआयव्हीच्या औषधांची खिडकी माझ्याकडे. तीन औषधांची मिळून एक गोळी, 28 गोळ्यांची बाटली, 28 दिवसांनी पुन्हा भेट आणि उरलेल्या गोळ्यांची मोजणी. गोगोंची (झुलू भाषेत आजीला गोगो म्हणतात) मोजणी कधीच चुकायची नाही.

फॉर्मवर एक प्रश्न असतो, 'इतर औषधं घेता का?' त्या दर वेळी 'नाही' म्हणत. पोट बिघडल्याचं सांगितलं त्या दिवशी मी विचारलं, "गोगो, घरी काही उकळून पिता का?" त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला कंद काढला. इन्कोम्फे.

मुठीएवढा, वरून काळपट, केसाळ. त्यांनी चाकूनं एक चकती काढली. आत हळदीसारखा पिवळाधमक, आणि बघता बघता कापलेली बाजू गडद होत गेली. 'आफ्रिकन बटाटा' हे नाव कुणी दिलं कोण जाणे, बटाट्याशी याचा काही संबंध नाही. हा आपल्या काळ्या मुसळीच्या कुळातला. तशीच जमिनीलगत पिवळी चांदणी फुलते. माझी आजी अशक्तपणावर मुसळी दुधातून द्यायची, गोगोंची आई अशक्तपणावर आणि लघवीच्या तक्रारींवर याचा काढा द्यायची. पानांचे दोरही वळायची म्हणे.

याच देशाच्या एके काळच्या आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग यांनी लसूण, बीट, लिंबू आणि हा कंद एड्सवर सुचवला होता. सरकारी दवाखान्यांत गोळ्या उशिरा आल्या, त्यांची वाट बघत माणसं मेली, ते मी माफ करू शकत नाही. पण त्या रागात आम्ही दवाखान्यातल्यांनी कंदालाच शत्रू ठरवलं. एचआयव्हीच्या काही औषधांचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम कंदाच्या अर्कानं दबतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं मला पाठ होतं. गोळीतल्या एफाविरेंझबाबत माणसांवर झालेल्या छोट्या चाचणीत फारसा फरक आढळला नव्हता, हे मात्र नंतर वाचलं.

मी म्हणाले, "गोगो, दोन्ही चालणार नाही. एकच घ्या."

त्यांनी चकती पुन्हा कागदात गुंडाळली, बाटली घेतली आणि गेल्या. पुढच्या तारखेला आल्या नाहीत. त्यापुढच्याही नाहीत. शेवटी आरोग्यसेविका घरी जाऊन त्यांना घेऊन आली. गाल बसले होते.

"तूच म्हणालीस ना, एकच घे," त्या म्हणाल्या.

मी बाटली उघडून ट्रेवर ओतली. 28 च्या 28 गोळ्या होत्या.