तळघरातले रिलोडिंगचे वर्कबेंच: सहा आठवड्यांची नोंद

ओहायोतील आमच्या घराच्या तळघरात गेली चार वर्षे मी एका जुन्या अभ्यासाच्या टेबलावर रिलोडिंग करत होतो, म्हणजे रायफलच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत बंदुकीची नवी दारू आणि गोळी बसवून पुन्हा काडतुसे भरत होतो. ते टेबल दाबलेल्या भुशाच्या फळीचे होते. .२२३ रेमिंग्टनच्या पुंगळ्या साइझ करताना, म्हणजे प्रेसच्या हँडलने डाय नावाच्या पोलादी साच्यात दाबून पुन्हा मापात आणताना, ते कसेबसे तग धरत असे, मात्र त्याहून मोठी .३०-०६ची पुंगळी डायमध्ये शिरू लागली की पुढची कड वाकून टेबलाचे मागचे दोन पाय जमिनीवरून चांगले बोटभर उचलले जात. फेब्रुवारीत एके दिवशी प्रेसचा मागचा बोल्ट वॉशरसकट फळीतून वर आला आणि खाली मूठभर भुसा सांडला, तेव्हा नवे बेंच करायचे ठरवले. त्या कामाची ही नोंद आहे.

आधी एका प्रश्नाचे उत्तर देतो. मी मूळचा कोल्हापूरचा. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिचमध्ये ५० मीटर प्रोनचे (पालथे पडून) जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०२४मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून) कांस्यपदक जिंकले, त्यामुळे रायफल नेमबाजी आमच्याकडे घरोघरी बोलण्याचा विषय झाली आहे. साहजिकच तिकडचे मित्र विचारतात की त्या नेमबाजांना लागत नाही तो हा पसारा तुला कशाला लागतो. त्यांची काडतुसे .२२ रिमफायरची असतात. त्या पुंगळीच्या बुडाशी जी कड असते तिच्याच पोकळीत प्रायमरचे, म्हणजे दारूला ठिणगी देणारे, मिश्रण बसवलेले असते, म्हणून ती पुंगळी एकदा वापरली की संपली. आमच्या सेंटरफायर पुंगळीचा प्रायमर मात्र बुडाच्या मधोमध सुटा बसवलेला असतो. तो काढून नवा बसवता येतो, आणि म्हणूनच हा छंद शक्य होतो.

पहिला आठवडा नुसता मोजमापात गेला. सर्वांत जास्त विचार उंचीचा केला, कारण मी उभा राहून काम करतो. इस्त्रीचे टेबल वरखाली करता येते, म्हणून तेच तळघरात नेले, एकेका उंचीवर लावून समोर उभा राहिलो आणि हँडल ओढण्याची नक्कल करून पाहिली. ३६ इंचांवर हँडल तळाशी नेताना कंबर वाकत होती, ४२ इंचांवर हात वर नेताना खांदा उचलला जात होता. ३९ इंच जमले. हा प्रयोग घरातल्यांच्या थट्टेचा विषय झाला असला तरी कागदावरच्या आकड्यापेक्षा तो कितीतरी खात्रीचा ठरला.

लाकूड आणताना एक गोष्ट नवशिक्यांनी ध्यानात ठेवावी. इथे दुकानात ज्याला टू-बाय-फोर म्हणतात ती पट्टी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते आणि फोर-बाय-फोरचा पाय साडेतीन इंचांचाच असतो. माझ्या पहिल्या आराखड्यात हा फरक धरलेला नव्हता, त्यामुळे आडव्या पट्ट्यांची सगळी मापे पुन्हा काढावी लागली. शिवाय हे लाकूड ओलसर असते. पट्ट्या निवडताना प्रत्येकीच्या टोकाला डोळा लावून बाक पाहिला होता, तरीही तळघरात दोन आठवडे थर लावून वाळत ठेवल्यावर अकरांपैकी तिघींना पीळ पडलाच. त्या बाजूला काढल्या. तशाच जोडल्या असत्या तर चौकट पुढे कधीच गुण्यात आली नसती.

बेंच ६ फूट लांब आणि २ फूट रुंद आहे. पायांना खाचा घेऊन आडव्या पट्ट्या त्यांत बसवल्या आणि प्रत्येक सांध्याला तीन-अष्टमांश इंचाचे दोन आरपार बोल्ट दिले. सगळा भार केवळ स्क्रूंवर न ठेवता लाकडावर लाकूड टेकवले, तर सांधा वर्षानुवर्षे सैल होत नाही असा माझा अनुभव आहे. वरच्या पाट्यासाठी पाऊण इंची प्लायवुडचे दोन थर सरसाने चिकटवून खालून स्क्रूंनी आवळले आणि त्यावर पाव इंची हार्डबोर्ड न चिकटवता नुसता ठेवला, म्हणजे खराब झाल्यावर बदलता येईल.

पाटा कितीही जाड केला तरी प्रेसची जागा चुकली तर त्याचा उपयोग नाही, म्हणून येथे थोडा थांबतो. हँडल आपण खाली आणि स्वतःकडे ओढतो, त्यामुळे प्रेस बेंचच्या पुढच्या कडेवर टेकून पुढे कलंडू पाहतो आणि सगळी ओढ मागच्या बोल्टवर येते. हात वर नेताना, एक्सपांडर बॉल (मान आतून रुंद करणारी डायमधली गोटी) पुंगळीच्या मानेतून बाहेर येत असतो त्या क्षणी, जोर उलट्या दिशेने लागतो. हे आलटून पालटून शेकडो वेळा होते. जुन्या टेबलाचा बोल्ट त्यामुळेच उपटला गेला होता. या वेळी प्रेस दोन पायांच्या मधोमध न बसवता डाव्या पायाच्या अगदी जवळ बसवला आणि पाट्याच्या खालून पाव इंच जाडीची लोखंडी पट्टी देऊन बोल्ट तिच्यातून आवळले. वॉशर लाकडात रुततात, ही पट्टी रुतत नाही.

चौथ्या आठवड्यात बेंच जागेवर उभे केले आणि पाणसळ ठेवताच लक्षात आले की तळघराची जमीन मोरीच्या दिशेने उतरती आहे. सहा फुटांत जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक निघाला. पाचरी मारण्याऐवजी पायांच्या तळाशी फिरवता येणारे बोल्ट बसवले. भिंत काँक्रीटची असल्याने बेंच तिला जखडण्याचा मोह टाळला आणि त्याऐवजी वजन खाली ठेवले. १६८ ग्रेनच्या ५०० गोळ्या म्हणजे ८४,००० ग्रेन होतात, आणि एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. म्हणजे एवढ्या गोळ्यांचे वजन १२ पौंड भरते. असे आठ-दहा खोके खालच्या फळीवर मांडले की ती फळीच नांगराचे काम करते.

दारू तोलायच्या वजनकाट्याने मात्र दोन संध्याकाळी वाया घालवल्या. माझा काटा दांडीचा आहे, आणि त्याचा दर्शक काही केल्या स्थिर होईना. पहिल्या दिवशी काट्याला दोष दिला, दुसऱ्या दिवशी बेंचला. शेवटी कळले की घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा सुरू झाला की छताजवळच्या झरोक्यातून येणारा झोत थेट दांडीवर पडतो. आता काट्यासाठी भिंतीवर स्वतंत्र लहान फळी बसवली आहे, तिला तीन बाजूंनी आडोसा आहे आणि प्रेसचा हादराही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बैठकीच्या सुरुवातीला ठरावीक वजने ठेवून काटा तपासण्याची सवय मात्र आडोसा असला तरी सोडलेली नाही.

आता साठवणीकडे येतो. बेंच आणि कोठार एकाच ठिकाणी असावे असा माझा आधी हट्ट होता. तो सोडावा लागला, कारण त्याच तळघरात भट्टी आणि गॅसवर चालणारा पाण्याचा हीटर आहे, आणि त्या हीटरची बारीक ज्योत अखंड पेटलेली असते. तिथे बंदुकीची दारू ठेवणे बरोबर नव्हते, आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या गॅरेजमध्येही नव्हते. म्हणून वरच्या मजल्यावरच्या कोरड्या, थंड खोलीत भिंतीतल्या कपाटाशेजारी लाकडी पेटी केली. (आईला फोनवर सांगितले की दारू ठेवायला कपाट करतो आहे, तर पलीकडे बराच वेळ शांतता होती.)

या पेटीसाठी नेमबाजी क्लबातल्या एका जाणत्या सभासदाने मला आपली जुनी लोखंडी ट्रंक देऊ केली होती, ती मी नम्रपणे नाकारली. धूरहीन दारू उघड्यावर पेटली तर भराभर जळते, पण घट्ट बंद, मजबूत भांड्यात अडकली तर वायूचा दाब साठून तेच भांडे फुटते. म्हणूनच दारूची पेटी लाकडाची असावी आणि तिची एखादी बाजू किंवा सांधा मुद्दाम कमजोर ठेवावा असे सांगितले जाते. माझ्या पेटीची पाठ पातळ हार्डबोर्डची आहे आणि ती बारीक खिळ्यांवर टेकलेली आहे. पुढच्या दाराला घरातल्या मुलांपासून राखण्यासाठी कुलूप आहे. अमेरिकेतील एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे घरात मूळ डब्यांमध्ये २० पौंडांपर्यंत दारू ठेवता येते, त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान १ इंच नाममात्र जाडीच्या लाकडी पेटीत, आणि प्रायमर १०,०००पर्यंत. माझ्याकडे एकेक पौंडाचे चार डबे आणि एक आठ पौंडांचा कॅन मिळून १२ पौंड आहे. स्थानिक नियम आणि घराच्या विम्याच्या अटी याहून कडक असू शकतात, त्या प्रत्येकाने आपापल्या पाहाव्यात.

प्रायमर दारूपासून दूर, वेगळ्या खोलीत आणि मूळ वेष्टनातच आहेत. त्या वेष्टनात प्रत्येक प्रायमर आपापल्या घरात वेगळा बसवलेला असतो. ते काढून एखाद्या बरणीत एकत्र ओतले तर एक उडाला की सगळे उडतात.

बेंचवर एका वेळी दारूचा एकच डबा राहील, हा नियम मी कागदावर लिहून समोर डकवला आहे. काम संपले की पावडर मेजरमधील (दारू मापून सोडणाऱ्या यंत्रातील) उरलेली दारू त्याच डब्यात परत जाते. ती मेजरमध्ये तशीच राहिली, तर पुढच्या आठवड्यात ती कोणती होती हे कोण सांगणार? सांडलेले दाणे ब्रशने सुपलीत घेतो, व्हॅक्यूम क्लीनर तिथे चालवत नाही. चहाचा कपही बेंचवर येत नाही, कारण वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसे असते. पुंगळ्या घोळवून स्वच्छ करणारा टम्बलरही, त्याच्या धुळीमुळे, त्याच कारणासाठी गॅरेजमध्ये हलवला.

दिव्याची जागा दोनदा बदलली. दारू भरलेल्या ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असताना प्रत्येकीच्या तोंडातून आतली पातळी दिसली पाहिजे, म्हणजे एखादी रिकामी राहिली किंवा दोनदा भरली गेली तर नजरेला खुपते. दिवा डोक्यामागे होता तेव्हा माझीच सावली पडत होती. आता एलईडीची पट्टी वरच्या फळीच्या पुढच्या कडेखाली आहे.

गेल्या रविवारी वाटीभर पाणी बेंचच्या उजव्या टोकाला ठेवून .३०-०६च्या वीस पुंगळ्या साइझ केल्या. पाण्यावर बारीक तरंग उठला, पण थेंबही सांडला नाही आणि चारही पाय जागेवर होते. डायच्या डब्यांसाठी केलेले दोन खण मात्र पावसाळी हवेत फुगून अडकू लागले आहेत, त्यातला डावा तर गुडघा टेकवून ओढावा लागतो. तळघरात डिह्युमिडिफायर आठवडाभर चालवून पाहणार आहे. तरीही सुटले नाहीत तर त्यांच्या कडांवर रंधा फिरवीन.