मुलीला कोरड्या वाळूत बसू का देत नाही? तुम्ही विचारलेत म्हणून

जुहूच्या किनाऱ्याला लागून राहत असूनही मी मुलीला वाळूत बसू का देत नाही, हे मला इमारतीतल्या मैत्रिणींपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी विचारले आहे, आणि दर वेळी ‘नको, घाण असते’ एवढे बोलून मी विषय संपवला आहे. त्यावर ‘आमची मुले याच वाळूत लहानाची मोठी झाली’ हे उत्तर ठरलेले असते. म्हणून आता सविस्तर लिहिते.

प्लास्टिक, निर्माल्य, फुटक्या बाटल्या यांविषयी मला काही सांगायचे नाही. ते दिसते, म्हणून टाळता येते. पावसाळ्यात लाटांबरोबर येणारे डांबराचे गोळेही दिसतात, आणि तळव्याला चिकटलेच तर खोबरेल तेल चोळून काढता येतात, फक्त मुलांच्या पायांना रॉकेल लावू नये. माझे म्हणणे न दिसणाऱ्या गोष्टीविषयी आहे.

मुलगी पाच वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत तिला वाळूचा किल्ला करायचा होता. पाण्याजवळ लाटेची भीती आणि नाल्याच्या पाण्याची किळस, म्हणून कोणतीही आई करील तेच मी केले: भरतीची रेषा जिथे पोचत नाही, तिथे माडाच्या सावलीत तिला बसवले. गुडघ्यापर्यंत पाय वाळूत पुरून ती संध्याकाळभर खेळली. काही दिवसांनी तिच्या टाचेजवळ लाल पुळी आली आणि पुळीपासून एक बारीक, फुगीर, वेडीवाकडी रेघ निघाली. जवळच्या डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिले. रेघ थांबली नाही. रात्री खाज इतकी वाढे की ती झोपेतून उठून टाच पलंगाच्या कडेवर घाशी, आणि एकदा रडत म्हणाली, “आई, माझ्या पायात कोणीतरी चालतंय.” मी तिची समजूत घातली, पण रेघेच्या टोकाशी बॉलपेनने एक ठिपका काढून ठेवला. सकाळी रेघ ठिपक्याच्या बोटभर पुढे गेलेली होती. पोर अक्षरशः खरे बोलत होती.

त्वचारोगतज्ज्ञांनी टाच पाहताच विचारले, “चौपाटीवर बसली होती का?” कुत्र्यामांजरांच्या आतड्यातल्या अंकुशकृमीची (हूकवर्म जंताची) अंडी विष्ठेतून वाळूत पडतात, उबदार, ओलसर, सावलीतल्या वाळूत त्यांतून अळ्या निघतात आणि उघड्या त्वचेतून आत शिरतात. माणूस हा त्यांचा खरा आश्रयदाता नसल्यामुळे त्या सहसा खोल जाऊ शकत नाहीत, कातडीखालीच वाट काढत फिरतात. अल्बेंडाझोल या जंतांच्या औषधाने आठवड्याभरात सगळे शमले. हा आजार जिवावर बेतणारा नाही, उपचाराविनाही बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत थांबतो, हे मी लपवत नाही. परंतु जी जागा मी सुरक्षित समजून निवडली, तीच अळ्यांना सर्वांत सोयीची होती, कारण भरतीने धुतली न जाणारी सावली कुत्र्यांनाही तितकीच आवडते.

मग ओल्या वाळूत खेळू दे, असे तुम्ही म्हणाल. तिथे ज्या भागात सांडपाणी येऊन मिळते, त्या भागाचा प्रश्न वेगळा आहे. उन्हाने वरच्या थरातले जिवाणू मरतात, पण खालच्या ओलसर थरात ते तग धरून राहतात, आणि मुले नेमकी खणतात. पोहण्याच्या समुद्राच्या पाण्यासाठी आपल्याकडे मानक आहे, 100 मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, जास्तीत जास्त 100. त्यात वाळूचा विचारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये वाळूसाठीही तात्पुरती मर्यादा सुचवली, दर ग्रॅममागे 60 एंटेरोकोकाय, हेही आतड्यातलेच जिवाणू. जुहूला रविवारी मुलांची एवढी झुंबड असते, त्यांच्या नखांत जाणारी वाळू कोणी तपासून त्याचा फलक किनाऱ्यावर लावलेला मी पाहिलेला नाही.

या प्रसंगाआधीची मी मात्र अजून गप्प बसत नाही. मातीत खेळल्याशिवाय मूल घडत नाही, असे मीच इतर आयांना सांगत असे, आणि ते खोटे होते असे आजही मला वाटत नाही. कुत्र्यांना हाकला असेही मी म्हणणार नाही. त्यांना जंतांचे औषध देणे हे माणसांचेच काम आहे. मुलगी किल्ला करायला बसली की तासभर मन लावून बसते, तसे ती दुसऱ्या कशातही रमत नाही, हे मला दिसते आणि टोचतेही.

सध्या आमचे असे ठरले आहे: ओहोटीला, भरतीने धुतलेल्या पट्ट्यात, नाल्यापासून दूर, पायांत चपला, खाली जाड चटई, आणि घरी येताच साबणाने हातपाय धुऊन नखे घासायची. नवऱ्याला हे फार वाटते, मला कधी कधी अपुरे वाटते, आणि पावसाळ्यात तर मी तिला खाली बसूच देत नाही. सासूबाईंच्या मुलांना काही झाले नाही हे खरेच असेल, पण तेवढ्यावर मी माझ्या मुलीला त्या माडाखाली पुन्हा बसवू शकत नाही.