हात दाबला की पुढे पाठव

स्मरणिकेच्या कमिटीवाल्यांचे तीन फोन झाले, "भाऊ, दे ना लिहून काहीतरी, शाळेनं काय दिलं त्याच्यावर." आता मी कृषी केंद्रवाला माणूस, माझं लिहिणं उधारीच्या वहीपुरतं. तरी नववीतला विज्ञानाचा एक तास सांगतोच.

चेतापेशीचा, म्हणजे नसेच्या पेशीचा, धडा होता. सरांनी पुस्तक उघडलंच नाही, आम्हा ४० पोट्ट्यांना बाहेर कडुनिंबाखाली गोल उभं केलं, हात धरायला लावले अन् म्हणाले डोळे मिटा, डावा हात दाबला गेला की उजव्यानं शेजारच्याचा दाबायचा, बस. पहिल्या खेपेला १४ सेकंद लागले कारण मधातला एकजण खी खी करून राहिला होता, दोन-चार खेपांनंतर ९ वर आलो. म्हणजे माणशी पाव सेकंदाच्या जरा आत. मग सर म्हणाले हातातल्या स्पर्शाच्या नसेतून निरोप सेकंदाला ५०-६० मीटर पळते, ताशी २०० किलोमीटर समजा, आपली एसटी तर उतारावरही एवढी जात नाही. एका हातातून मेंदूत अन् तिथून दुसऱ्या हातात, रस्ता सगळा दोनेक मीटरचा, त्याला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरते. "मग बाकीचा टाइम कुठं गेला रे?"

आम्ही गप. तो टाइम जाते मेंदूच्या आतल्या खलबतात, स्नायू आवळण्यात, अन् एका पेशीतून दुसरीत जाताना मधात जी बारीक फट असते ती ओलांडण्यात. नसेच्या आत निरोप विजेचा असते: पेशीच्या आत बाहेरपेक्षा ७० मिलिव्होल्ट कमी, बाहेर सोडियमची गर्दी, दार उघडलं की बाजाराच्या दिवशी एसटीत घुसते तशी आत घुसते, अन् तिच्या धक्क्यानं पुढचं दार उघडते. पण फटीवर वीज थांबते, तिथं रसायन सोडावं लागते. नसेतला हा वेग पहिल्यांदा १८५० साली हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं बेडकाच्या नसेवर मोजला, सेकंदाला २७ मीटरच्या आसपास, त्याच्या आधी मोठेमोठे लोक म्हणायचे हे मोजताच येणार नाही. सरांना हे सांगताना भारी मजा यायची, जसं काही बेडूक यांनीच पकडून दिला होता.

परीक्षेत यातलं काही आलं नाही. त्या फटीचं काम मला पडलं ते दुकानात. मोनोक्रोटोफॉससारखं फॉस्फरसवालं औषध अंगात गेलं की फटीतलं ॲसिटिलकोलिन, म्हणजे तेच निरोपाचं रसायन, पुसणारं एन्झाइम बंद पडते, मग निरोप संपतच नाही, म्हणजे हात दाबला तो दाबूनच ठेवला. लाळ, घाम, बुबुळ टाचणीएवढं, मांस फडफडते, दम कोंडते. २०१७ च्या सीझनला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली. तेव्हापासून लाल त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची, बाटली मागणाऱ्याला मी दोन मिनिटं उभं करतो, बाटलीवरचं ॲट्रोपीनचं, म्हणजे उताऱ्याच्या औषधाचं, नाव दाखवतो, दवाखान्यात जायची पाळी आली तर बाटली संग घेऊन जा म्हणतो. लोक वैतागतात, वैतागू द्या.

दुसरं म्हणजे आमच्या घरचे आबाजी. मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी उजवा हात लोंबला अन् वाचा गेली. कळायचं सगळं, कोणाची उधारी बाकी हेही, पण तोंडातून एकच निघायचं, "थे... थे." पाणी पाहिजे तरी थे, राग आला तरी थे. मला सरांनी सांगितलेला पॅरिसचा पेशंट आठवला. त्याला फक्त "टॅन" म्हणता यायचं, १८६१ मध्ये तो वारल्यावर ब्रोका नावाच्या डॉक्टरनं मेंदू उघडून पाहिला तर डाव्या बाजूला, कपाळाच्या मागं, खराबी. तेव्हापासून बोलायची जागा सापडली म्हणतात. पण जागा ठरली म्हणजे सातबारा ठरला असं नाही बरं. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेचा आवाज आला, कोणीतरी खंजिरी वाजवली, अन् आबाजी खाटेवरून भजन म्हणायला लागले, पूर्ण कडवं, शब्द न चुकता! माय तर रडायलाच लागली. भजन थांबलं, विचारलं चहा घेता का, तर "थे." डॉक्टर म्हणाले सुराचं बरंच काम उजव्या बाजूला चालते, तिथून पाठ झालेले शब्द वाहत येतात, नवीन वाक्य जमवायला मात्र डावी लागते.

सर आता रिटायर होऊन आमच्याच गावात असतात. आबाजींना पाहायला आले तेव्हा मी सीटीची फिल्म दाखवली. खिडकीकडं धरून चष्मा वर-खाली करत बघून राहिले, काळपट डाग सापडला अन् कपाळाला आठ्या पडल्या. "हे तर उजवीकडं दिसून राहिलं रे, मग वाचा कशी गेली?"

मी म्हटलं, सर, फिल्म पायाकडून बघितल्यासारखी असते, डावं उजवीकडं येते. मलाही दवाखान्यातच कळलं.

सरांनी फिल्म पालटून धरली, खूप वेळ पाहिली, मग स्वतःच्या कपाळाच्या डाव्या अंगाला बोट लावून आबाजींकडं वळले, "इथं ना, आबाजी?"

"थे," आबाजी म्हणाले, अन् डाव्या हातानं सरांचा हात दाबला.