बामणोलीत डाईव्ह, आणि कास चढायला अठरा तास

गेल्या आठवड्यात शिवसागरात स्कूबा डाईव्ह करून आलो. कोयना धरणाचं बॅकवॉटर, बामणोलीच्या बाजूनं, परवानगी आधीच काढलेली. आजवर माझ्या सगळ्या डाईव्ह मालवणच्या समुद्रातल्या, त्यामुळे उंचावरच्या पाण्यात उतरताना काय काय बघावं लागतं ते पहिल्यांदाच कळलं.

धरण भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून 659 मीटरवर असतं, आणि 300 मीटरच्या वर डाईव्ह केली की ती अल्टिट्यूड डाईव्ह धरतात. हवेचा दाब कमी, त्यामुळे वर येताना अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायची भीती जास्त. 15 मीटर खोल गेलं तर डाईव्ह टेबलात, म्हणजे किती खोलीवर किती वेळ राहायचं त्या तक्त्यात, साधारण 16 धरायचे. आपण सातारकर 700 मीटरवरच राहतो, शरीराला सवय असते, पण मालवणचा मित्र खालून येणार म्हणून त्याला आदल्या दुपारीच बोलावून घेतलं.

जाताना कासला थांबलो, पाणी प्यालो, रिकामी बाटली घट्ट बूच लावून डिकीत टाकली. बामणोलीत उतरून बघतो तर बाटली मधोमध चेपलेली! 1200 मीटरवरची हवा आत कोंडलेली आणि बाहेरचा दाब वाढलेला.

बोटीत मित्रानं माझा डाईव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्यात खोली आणि वेळ मोजणारं यंत्र, हातात घेतला आणि म्हणाला, "अरे, हा अजून मालवणातच आहे." खरंच, सेटिंग 0 ते 300 मीटरचंच होतं. त्याचा कॉम्प्युटर दाब स्वतः ओळखतो, स्क्रीनवर 938 मिलीबार दाखवत होता, माझा जुना, त्याला हातानं सांगावं लागतं. तसाच उतरलो असतो तर त्यानं मला नो-डेको टाइम, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येतं तो वेळ, जास्त दाखवला असता आणि मी त्यावर विश्वास ठेवला असता. 300 ते 1500 केलं, खारं पाणी बदलून गोडं केलं, नाहीतर खोली थोडी कमी दिसते. तेव्हापासून टँक लावायच्या आधी सेटिंग बघतो, आणि बडीलाही, म्हणजे डाईव्हच्या जोडीदारालाही, दाखवतो.

पाणी हिरवट, हात लांब केला की बोटं पुसट. दोन डाईव्ह केल्या, 14 आणि 11 मीटर, वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा हळू, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबून. एक वाजता बाहेर.

आता खरी गंमत, साताऱ्याला परतायचं तर कास चढावंच लागतं, म्हणजे पाण्यापासून अजून साडेपाचशे मीटर वर. एकापेक्षा जास्त डाईव्ह झाल्या की विमानात बसण्याआधी 18 तास थांबायला सांगतात, आम्ही घाटालाही तोच नियम लावला. बोटवाले मामा म्हणाले, "आवं, दीड तासात घरी पोचाल की, राहताय कशाला?" त्यांना चेपलेली बाटली दाखवली, म्हटलं मामा, वर गेलं की याच्या उलटं होतं, आणि ते अंगात झालं तर सांधे धरतात, माणूस लुळाही पडू शकतो. मामांनी बाटली दोनदा दाबून बघितली आणि त्यांच्याच ओसरीत आमची झोपायची सोय केली.

रात्री भाकरी-पिठलं खाल्लं. कॉम्प्युटरवर 'अजून विमानात बसू नका' सांगणारं विमानाचं चिन्ह सकाळपर्यंत होतं, ते गेल्यावर सातला गाडी काढली.