जुनी एटीव्ही घेताना मी काय काय उघडून पाहिलं

सेकंड हँड कार बघायला गेलं की पहिली नजर किलोमीटरवर जाते. एटीव्हीच्या, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल आणि जाड टायर असलेल्या, कच्च्या वाटांवर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत नुसत्या त्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही, हे शोधाशोध सुरू केल्यावर माझ्या लवकरच लक्षात आलं. ही गाडी चिखलात, पाण्यात आणि धुळीत राबते. तिच्या पोटात पाणी किती शिरलं आणि धूळ किती गेली, यावर तिचं उरलेलं आयुष्य ठरतं. तो हिशेब सीटखाली, फिल्टरच्या मागे आणि गिअर ऑइलच्या बोल्टांआड सापडतो. त्यामुळे जो मालक सीट काढून दाखवायला का-कू करेल, त्याच्याशी किमतीचं बोलायचंच नाही, असं मी सुरुवातीलाच ठरवून टाकलं.

मला कामाची गाडी हवी होती. पुढे-मागे रॅक, फोर व्हील ड्राइव्ह, छोटा ट्रेलर ओढण्याइतकी ताकद. स्पोर्ट प्रकारातल्या एटीव्ही हलक्या आणि चपळ असतात, पण त्यांतल्या बहुतेकींची फक्त मागची चाकं ओढतात आणि ओझं वाहणं हे त्यांचं काम नव्हे. शोधता शोधता एक जुनी तीनचाकीही अगदी स्वस्तात मिळत होती. ती मी बघायलासुद्धा गेले नाही. वळणावर कलंडण्यासाठी त्या गाड्या कुप्रसिद्ध होत्या आणि अमेरिकेत १९८८ साली ग्राहक सुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्यानंतर कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. सुझुकीची चारचाकी क्वाडरनर त्याच्या आधीच, १९८२ मध्ये आली होती. चौथं चाक असूनही ही गाडी उलटू शकते, हे मात्र कायम लक्षात ठेवावं लागतं.

गाडी बघायला जाण्याआधी मी फोनवर एकच विनंती करायचे: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन बरंच काही लपवतं. एके ठिकाणी पोहोचले तर सायलेन्सरला हात लावता येत नव्हता. 'जरा बाजूला लावली' असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, तेव्हा तीच गाडी सेल्फ मारून मारून एकदाची सुरू झाली आणि निळा धूर सोडायला लागली. सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यावा. थ्रॉटल दिल्यावरही येत राहिला तर बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतात. इथे तो येतच राहिला. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबत नसेल तर कूलंट जळतंय असं समजावं. काळा धूर त्या मानाने सौम्य. पेट्रोल जास्त जातंय किंवा फिल्टर चोंदलाय, एवढाच त्याचा अर्थ.

दिसायला सगळ्यात सुंदर गाडी मी एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, उघडून नाकारली. प्लास्टिक चकचकीत, टायर नवे, आवाज गोड. सीट काढली, झाकणाच्या क्लिपा सोडवल्या. 'फिल्टर नवा आहे ताई, कालच बदललाय,' मालक म्हणाले. फिल्टर खरोखरच नवा होता. तो बाहेर काढून मी बोटाला पांढरं फडकं गुंडाळलं आणि फिल्टरच्या पलीकडून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आत फिरवलं. फडक्यावर तपकिरी, कणीदार थर आला. बोटांत चोळल्यावर तो कचकचला. ती बाजू स्वच्छ असायला हवी, कारण तिथून आत गेलेली हवा थेट सिलिंडरमध्ये जाते आणि तिच्यातली बारीक माती रिंगा आणि सिलिंडर घासून काढते. कालचा फिल्टर आधीची झीज भरून काढू शकत नाही. मालकांना ते फडकं दाखवलं, आभार मानले आणि निघाले. एकच जागा तपासायला वेळ असेल, तर मी हीच तपासेन.

जी गाडी शेवटी घेतली ती दिसायला साधी होती. प्लास्टिकवर ओरखडे, एक रॅक किंचित वाकलेला. पण फडकं स्वच्छ निघालं आणि डिपस्टिकवरचं ऑइल काळं असलं तरी दुधाळ नव्हतं. ऑइलला दुधाळ रंग आला की पाणी मिसळलंय हे उघड असतं. मीटरवर किलोमीटर आणि इंजिनचे तास दोन्ही दिसत होते. किलोमीटरला तासांनी भागायचं. ३,००० किलोमीटर आणि ३०० तास म्हणजे सरासरी ताशी १०, हळू चाललेली कामाची गाडी. तेच किलोमीटर ९०० तासांत झाले असतील तर इंजिन जागेवर किंवा ओझ्याखाली खूप वेळ चाललंय, आणि किलोमीटर कमी दिसले तरी ती झीज झालेलीच असते.

मग पुढची बाजू जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं की बेअरिंग आणि चाक सस्पेन्शनशी जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा खेळ, म्हणजे सैलपणा, कळतो, डावी-उजवीकडून हलवलं की टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा. एका बाजूला किंचित टकटक आली. मी त्याच बाजूच्या बॉल जॉइंटवर बोट ठेवून पुन्हा हलवलं, तेव्हा नेमकी तिथेच हालचाल लागली. ॲक्सलच्या सांध्यांवरचे रबर बूट एकेक करून दाबून, घड्या उघडून पाहिले. एकाला चीर होती आणि ग्रीस आतल्या बाजूला उडालेलं होतं. बूट फाटला की आत चिखल जातो आणि सीव्ही जॉइंट, म्हणजे तो सांधा, वळताना कटकट करायला लागतो. इथे अजून आवाज नव्हता. चासीवर टॉर्च मारून वेल्डिंगचे सांधे पाहिले. मधेच एखाद्या जागी ताजा रंग दिसला असता तर मी तिथेच थांबले असते.

इंजिनची ताकद पुलीवरच्या बेल्टमार्फत पुढे नेणारी गाडी असल्यामुळे बेल्टचं कव्हर उघडण्याचा आग्रह धरला. गाडी रुतलेली असताना थ्रॉटल दाबून धरला तर पुली बेल्टच्या एकाच जागी घासते आणि तिथे बेल्ट अरुंद होतो. गाडी कशी वापरली गेली हे त्या एका खुणेवरून कळतं. या बेल्टला कडेने थोडी चकाकी होती, पण रुंदी सगळीकडे सारखी वाटली. पुढच्या डिफरन्शियलचं, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं, ऑइल मात्र किंचित ढगाळ निघालं, म्हणजे थोडं पाणी शिरलं होतं. बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, तो चालतो. तुकडे असते तर नको म्हटलं असतं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मेकॅनिककडून मोजून घेतलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. बऱ्याच एटीव्हींत सुरू होताना आपोआप दाब सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे गेजवर आकडा कमी दिसतो. तो त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशीच ताडून पाहावा, उगाच घाबरू नये.

चालवून बघताना वेगाकडे लक्षच दिलं नाही. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून अंगठ्याचा थ्रॉटल सोडला, तो दोन्हीकडे झटकन मागे येतो का ते पाहिलं. अडकणारा थ्रॉटल जीव घेऊ शकतो. उतारावर ब्रेक लावले, मोकळ्या मातीत फोर व्हील टाकून पुढची चाकं माती उडवतात का हे दुसऱ्याला बघायला सांगितलं.

किमतीच्या वेळी बॉल जॉइंट, बूट आणि डिफरन्शियलचं सील, असे तीन सुटे भाग मजुरीसकट कागदावर लिहून मालकांसमोर ठेवले. त्यांनी स्वतः पाहिलेलेच दोष होते, वादाला जागा नव्हती. चासीवर कोरलेला नंबर कागदांशी जुळवला, गाडीवर कर्ज थकलेलं नाही याची खात्री केली आणि मगच पैसे दिले.

घरी आणल्यावर पहिल्यांदा इंजिन आणि दोन्ही डिफरन्शियलची ऑइलं, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदललं. बूट आणि बॉल जॉइंटही लगेच. सील मात्र मुद्दाम ठेवलं, कारण डिफरन्शियलच्या श्वासनळीचं टोक निखळून खाली लोंबत होतं आणि पाणी तिथूनच गेलं असावं असं मला वाटत होतं. नळी वर बांधली, काही दिवस ओल्या वाटांवर काम केलं आणि डिफरन्शियलचं ते नवं ऑइल पुन्हा काढून उजेडात धरलं. स्वच्छ होतं. सीलचे वाचलेले पैसे मी चांगल्या हेल्मेटमध्ये घातले.